देवीला दिसावा म्हणून

दसऱ्याच्या दुपारी कळव्याच्या चाळीत शेजारणीला आपट्याचं पान देता देता रुपाली केणीचा हात तसाच राहिला. तिला पेढा आठवला होता. आता पेढा आठवून कुणी घाबरतं का? रुपाली घाबरली.

ठाण्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती चौदा वर्षं मदतनीस. हुद्दा मदतनिसाचा, पण कुठली बाटली कुठे हे प्राध्यापकसुद्धा हिलाच विचारतात. तिथल्या प्राध्यापक मंदाकिनी दातार मॅडमबरोबर येऊरच्या जंगलात हिंडून तिला किड्यांची नजर आलेली. गेल्या वर्षी एका सडक्या अळंबीतून तिनेच तो उचलला. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, आखूड पंखांचा, उघडं पोट विंचवासारखं वर करून पळणारा भुंगेरा. मॅडमनी वर्षभर ताडून पाहिलं, असा कुणीच नोंदवलेला नव्हता. नवी जात! पुन्हा तीस खेपा घातल्या, दुसरा काही मिळाला नाही.

वर्णन लिहून तयार होतं. आता ज्या एका किड्यावर नव्या जातीचं नाव उभं राहणार, तो मूळ नमुना संग्रहालयात जमा करायचा बाकी होता. दसरा करून पुण्याहून आल्या की मॅडम तो नेणार होत्या. "तुझ्या ताब्यात आहे हं, रुपाली," एवढंच म्हणून गेल्या.

आणि या बाईने काय करावं? काल खंडेनवमीला दरवर्षीसारखी पूजा मांडली. सूक्ष्मदर्शक, चिमटे, सुया, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. यंदाचा मान भुंगेऱ्याचा, म्हणून त्याची पेटी मधोमध. बंद पेटीतला देवीला दिसणार कसा, म्हणून झाकण काढलं. पुढ्यात पेढा ठेवला. तेवढ्यात शिपायाने कुलपासाठी घाई केली आणि ही सगळं तसंच उघडं टाकून घरी आली.

"संदेश, रिक्षा बघ," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, आज कॉलेज बंद आहे ना?"

"बघ रे."

तिचं तोंड बघून तो चपला घालून खाली धावला. खाडीचा पूल येईपर्यंत तिचे सगळे देव आळवून झाले. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मॅडमना तोंड कसं दाखवायचं याची जास्त. वॉचमनने दार उघडलं तेव्हा तिला आत पाऊल टाकवेना.

खिडकीपासून टेबलापर्यंत लाल मुंग्यांची रांग लागली होती. पेढा दिसतच नव्हता. रांग तिथून पुढे पेटीत शिरली होती.

टाचणीवर कागदाचा त्रिकोण होता. त्यावर डिंकाने चिकटलेलं डोकं होतं, छाती होती. मागे काही नव्हतं. तिने भिंग लावून दोनदा पाहिलं. पोट गेलेलं होतं.

शेजारच्या कप्प्यात दिसायला तसलेच दुसऱ्या जातीचे पन्नास भुंगेरे होते. एकाचं पोट काढून इथे चिकटवलं तर? चौदा वर्षांचा हात होता, कुणाला कळलं नसतं. तिने चिमटा उचललासुद्धा. मग आपल्याच हाताची तिला मुंग्यांपेक्षा जास्त भीती वाटली. चिमटा ठेवला आणि मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"टाचणीला खाली इवलीशी कुपी आहे, ती बघ. बूच आहे?"

"आहे."

"आत?"

तिने उजेडासमोर धरलं. ग्लिसरीनमध्ये केसाएवढं काहीतरी वाकडं तरंगत होतं. नराचा जननावयव. याच्यावरूनच जात ओळखतात, म्हणून मॅडमनी तो आधीच काढून ठेवला होता.

"आहे, मॅडम."

"मग जातीचं नाव राहील. पण एक चिठ्ठी लिही आणि टाचणीला लाव. पोट मुंग्यांनी खाल्लं, तारीख घाल. वर्णनातही तसंच छापू."

"माझं नाव लिहू?"

"कुणामुळे झालं ते लिहायचं नसतं. काय झालं तेवढं लिहायचं."

रुपालीने मुंग्या झटकल्या. नखाएवढ्या कागदावर लिहिताना दोन चिठ्ठ्या फुकट गेल्या. तिसरी तिने टाचणीत खालून सरकवली. वरची चिठ्ठी गेल्या वर्षीची होती, मॅडमच्या अक्षरातली: येऊर, सडकी अळंबी, शोधला रुपाली केणी हिने.