शेवटी टाकलेली तिसरी सिंफनी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा दुष्काळ होता. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल येत नव्हता, म्हणून मी माझ्या रिकाम्या आडतीत एका एस्टोनियन संगीतकाराच्या सिंफनी ऐकायचो. रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनात घासाघीस करून त्या तबकड्या घेतल्या होत्या. तिसरी सगळ्यांत सरस. पण नांदेडच्या प्राध्यापक मित्रानं कुठली सरस, कुठली हलकी असा क्रम विचारला, तेव्हा मी तिलाच शेवटी टाकलं. स्वतःला हवा तो माल हलका सांगायचा, ही मोंढ्यातली सवय. बाकीच्या तबकड्या तो घेऊन गेला.

पुढं नांदेडच्या व्याख्यानात तोच क्रम त्यानं स्वतःचा शोध म्हणून मांडला. मी उठून ओरडलो, "चोरा, तिसरी पहिली हाय!"

"शेठ, तुम्ही तुरीचे भाव बघा," तो म्हणाला. सगळे हसले.

तिसरी माझ्या कपाटात होती. त्यानं ती ऐकलीच नव्हती.