कानबाईच्या पातेल्यातला पास्ता

आमच्याकडे मटणाला घरात घेत नाहीत.

खातात सगळे. चाटूनपुसून खातात, हाडं चोखून खातात. पण शिजतं ते मागच्या अंगणात, तीन विटांच्या चुलीवर, जर्मनच्या काळ्या पातेल्यात. ते पातेलं, तो पळा आणि त्या सहा ताटल्या बाहेरच्या मोरीशेजारी एका खोक्यात राहतात. घरातला चमचा चुकून अंगणात गेला तर त्याची कायमची बदली होते, तो परत येत नाही. हा कायदा माझ्या बायकोचा, सुशीलाचा. तिला तिच्या आईकडून मिळालेला. मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली, पण इतका कडक पाळला जाणारा कायदा सरकारदरबारी पाहिला नाही.

आता आमच्याकडे मटण करतात ते पुरुष, आणि शहाद्यात आमच्या भाऊबंदात मटण म्हटलं की माझं नाव निघतं. (हे मी सांगत नाही, लोक सांगतात. लोक म्हणजे माझे दोन चुलतभाऊ.) त्यामुळे गेल्या थंडीत मुलगी पल्लवी आणि नवे जावई निनादराव पुण्याहून पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा माझे हात शिवशिवत होते.

पहिल्या जेवणाला सुशीलाने शेवभाजी केली. निनादरावांनी एक घास घेतला, त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्या घासाला डोळे लाल झाले. तिसऱ्या घासाआधी त्यांनी तांब्याच तोंडाला लावला.

"बाबा, त्याला तिखट झेपत नाही हो," पल्लवी हळूच म्हणाली. "तो पास्ता खातो. खिम्याचा सॉस घालून."

"मग त्यात काय एवढं? करतो की उद्या!"

"तुम्ही? अहो, तो सॉस चार तास शिजवावा लागतो!"

"चार तासांत मी दोनशे माणसं जेवू घालतो!"

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. "करा ना. कोन नही म्हनस? पन बाहेर करा. बाहेरना पातेलामा करा."

"मग काय घरात करतो की काय?" मी हसलो. ते या प्रकरणातलं माझं शेवटचं निर्धास्त हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला भाचीच्या डोहाळेजेवणाला कळसाडीला गेली. एक वाजेपर्यंत येते म्हणाली. पोरं झोपलेली. मी खिमा आणला, पास्त्याचं पाकीट आणलं, दोन किलो टोमॅटो आणले, आणि मोबाईल भिंतीला टेकवून अंगणात बसलो. मोबाईलमधली बाई गोड हसून म्हणाली, "जाड बुडाचं भांडं घ्या. आच अगदी मंद ठेवा. अजिबात घाई करू नका."

मंद आच! बाभळीच्या लाकडाला ती कुठून ठाऊक असणार? त्याला दोनच गोष्टी येतात, धडधडून पेटणं आणि विझणं. दहा मिनिटांत कांदा आणि गाजराचा कोळसा झाला. लाकडं ओढली तर चूल विझली, घातली तर पातेल्याच्या बुडाशी खिमा चिकटला. दोन चुलतभावांत नावाजलेला आचारी धुराने डोळे पुसत बसला होता! साडेआठ वाजले. चार तास मोजले तर साडेबारा. आणि एक वाजता सुशीला.



म्हटलं, पातेलं बाहेरचंच ठेवू, फक्त गॅस घरातला वापरू. गॅसला काय विटाळ? चोरासारखा इकडेतिकडे बघत मी ते काळं पातेलं स्वयंपाकघरात नेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मटणाने आमचा उंबरा ओलांडला! पण त्या पातेल्याचं बूड पोचे पडून पडून गोल झालेलं. ते शेगडीवर लंगड्या माणसासारखं डुलायला लागलं आणि पुन्हा करपल्याचा वास आला.

"जाड बुडाचं भांडं," मोबाईलमधली बाई पुन्हा म्हणाली. तिला दुसरं कामच नव्हतं.

मी वर पाहिलं. फळीवर, लाल कापडात बांधून, कानबाईचं पातेलं ठेवलेलं होतं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. त्या दिवशी देवीची खीर त्या पितळी पातेल्यात होते. वर्षातून एकदाच ते खाली उतरतं, आंघोळ करून, ओल्या केसांनी सुशीला स्वतः उतरवते. ते तिच्या माहेरचं. मला त्याला हात लावायचीसुद्धा परवानगी नाही. पण बूड काय जाड! मन म्हणालं, कानबाई मोठ्या मनाची आहे. (सुशीलाचा विषय मनाने काढलाच नाही.)

मी स्टुलावर चढलो. स्टूल इतकं डुगडुगत होतं की पातेलं माझ्याआधी खाली पोचतं की काय असं वाटलं. कापड सोडलं. आत ठिकठिकाणी पिवळं पितळ दिसत होतं. कल्हईवाला आमच्या गल्लीत फिरकून कितीतरी वर्षं झाली, आणि खिरीला कल्हई नसली तरी काही बिघडत नाही. मी पिवळं पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. खिमा ओतला, दोन किलो टोमॅटो ओतले. बाई म्हणाली, आता पेलाभर लाल वाईन. ती मी कुठून आणू? आंबटपणाच हवा ना, म्हणून तळोद्याच्या बाजारातला आमचूर पेलाभर पाण्यात कालवून ओतला. सढळ हाताने ओतला.

आणि काय सांगू, मंद आचेवर तो सॉस असा सुंदर रटरटायला लागला! पण माझा एक कान सारखा फाटकाकडे. शेजारच्यांची मोटारसायकल वाजली तरी मी झाकणासकट दचकायचो. साडेदहाला पल्लवी डोळे चोळत आली.

"बाबा... हे कानबाईचं..."

"तू काही पाहिलं नाहीस!"

"आईला कळलं तर?"

"म्हणून तर म्हणतोय, तू काही पाहिलं नाहीस!"

साडेबाराला सॉस काळ्या पातेल्यात ओतला, उकडलेला पास्ता त्यात कालवला, विझलेल्या चुलीवर नेऊन ठेवला, आणि चिंच-राख घेऊन पितळेवर तुटून पडलो. जन्मात भांडं न घासलेला मी! भीतीने माणसाच्या हातात किती बळ येतं म्हणून सांगू. पातेलं असं लखलखलं की फळीवर ठेवल्यावर लाल कापडातूनही चमकतंय असं मला वाटायला लागलं. खिम्याचा वास जावा म्हणून खिडक्या उघडल्या, पंखा लावला, अकरा अगरबत्त्या पेटवल्या. तोच फाटक वाजलं.

सुशीला दारातच थांबली. "अगरबत्ती कसाले लाई?"

"सहज. देवाला."

"तुम्ही? देवले?" तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाहेरच करं ना?"

"मग कुठे!"

"बाहेरना पातेलामा?"

"मग कशात!"

दोन प्रश्न, दोन थापा. पाठीवरून घामाची धार निघाली, थंडीचे दिवस असून.

जेवायला अंगणात बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि जीभ आखडली. जुन्या नळाला तोंड लावून पाणी प्यावं तशी चव! मला त्याच क्षणी कळलं. कळकलं होतं! बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवलं की अन्न कळकतं आणि बाधतं, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि मी त्यात दोन किलो टोमॅटो, वर आमचूर!

आता बोलावं तर पातेल्याचं बिंग फुटणार. न बोलावं तर जावई विष खाणार. खोटं कशाला बोलू, मी बोललो नाही. मुलीच्या कपाळाकडे पाहिलं, नवीन मंगळसूत्राकडे पाहिलं, मग सुशीलाकडे पाहिलं, आणि घास तसाच गिळला.

"निनादराव," मी कसंबसं म्हटलं, "नाही आवडलं तर राहू द्या हं. संकोच नको."

"छे छे बाबा, मस्त झालंय!" म्हणत ते ताटली घेऊन चुलीकडे उन्हात जाऊन बसले. पाच मिनिटांत रिकामी ताटली घेऊन परत आले. "संपवलं!"



"अजून वाढू का?" सुशीलाने विचारलं.

"नको!" मी आणि निनादराव एकदमच ओरडलो.

पल्लवीने तर एक घास घेऊन ताटली केव्हाच बाजूला सारली होती. उरलं अर्धं पातेलं. सुशीला डोहाळेजेवण जेवून आलेली, पण म्हणाली, "लया, एक घास मी बी खाई दखस."

तिच्या जिभेला एक थेंब लागला असता तरी ती थेट फळीखाली स्टूल लावून उभी राहिली असती! मी पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"संपलं!"

"अर्धं भरेल शे!"

"ते माझं आहे! मला फार आवडलंय!"

आणि पुरावा नष्ट करण्यासाठी, तिच्या डोळ्यांदेखत, मी ते अख्खं पातेलं खाल्लं. घासागणिक "वा!" म्हणत. डोळ्यांत पाणी आलं, तर म्हटलं, आनंदाचं आहे.

चार वाजता निनादरावांना पहिली उलटी झाली. सव्वाचारला दुसरी. साडेचारला आम्ही रिक्षात होतो. पल्लवी रडत होती, निनादराव पांढरेफटक पडले होते, आणि सुशीला कानाशी विचारत होती, "जावईले काय खावाडं तुम्ही? काय खावाडं?" मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडात कानबाईचंच नाव आलं, म्हणून तेही थांबवलं. पोराला काही झालं तर? त्याच्या आईला पुण्यात फोन करून काय सांगायचं? आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी निनादरावांचं पोट दाबून पाहिलं. "दुपारी काय जेवलात?"

"पास्ता," पल्लवी हुंदके देत म्हणाली. "बाबांनी केलेला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कशात केला होता? भांडं कोणतं?"

सगळे प्रश्न सोडून डॉक्टरांना नेमका हाच सुचला!

"भांडं... म्हणजे... जाड बुडाचं."

"अहो, कशाचं? स्टीलचं? जर्मनचं? लवकर सांगा, त्याप्रमाणे औषध द्यावं लागेल."

निनादरावांनी कण्हून कूस बदलली. मी डोळे मिटले. "पितळेचं. आत कल्हई नव्हती. टोमॅटो होते. आमचूर पण होता. घरातल्या गॅसवर केलं. कानबाईच्या पातेल्यात केलं!"

डोळे उघडले.  सुशीलाने फक्त पदर खोचला. ती ओरडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

"डॉक्टर," पलंगावरून बारीक आवाज आला, "मला एक सांगायचं होतं. मी तो पास्ता खाल्लाच नाही."

"काय?"

"चव बघून भीती वाटली. बाबांना वाईट वाटू नये म्हणून चुलीतल्या राखेत पुरला. मग भूक लागली. आईंनी कळसाडीहून मांडे आणले होते, पुरणाचे. ते खाल्ले. तूप घालून."

"किती?"

"पाच."

डॉक्टरांनी हातातला स्टेथोस्कोप खाली ठेवला. आमच्याकडचा एक मांडा म्हणजे घडी घातलेला टॉवेल! "अहो, मी इथला असून मला दोन झेपत नाहीत! अपचन आहे, दुसरं काही नाही. दोन गोळ्या देतो."

पल्लवीने देवाला हात जोडले. मीही जोडले, पण अर्ध्यावरच थांबलो. म्हणजे मी कबूल केलं नसतं तरी चाललं असतं! आणखी दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं तर पातेलं फळीवर, मी घरात, सगळं जागच्या जागी राहिलं असतं!

"पण मग," डॉक्टर विचारात पडले, "तो कळकलेला सॉस खाल्ला कोणी?"

तिघांनी माझ्याकडे बोट केलं.

"किती खाल्ला?"

"सगळा," सुशीला म्हणाली. 

आणि पोट जणू कुणी हाक मारायचीच वाट पाहत होतं. आत असा पीळ पडला की मी शेजारच्या बादलीपर्यंत जेमतेम पोचलो. पाच मिनिटांनी जावई बाकावर बसून लिंबूपाणी पीत होते आणि त्यांच्या पलंगावर मी होतो, हाताला सलाईन लावून.

सुशीला उशाशी उभी राहिली. डॉक्टरांना हात जोडून म्हणाली, "डाक्टरसाहेब, यास्ले नीट वाचाडा. मंग मी दखी लिसू."

मग बघून घ्यायला ती बाहेर बाकावर जाऊन बसली, दाराकडे तोंड करून. नर्स आली, बाटलीकडे पाहून म्हणाली, "काका, फारच हळू पडतंय. जरा फास्ट करते, म्हणजे तासाभरात घरी जाल."

मी मोकळ्या हाताने तिचा हात घट्ट धरला. "नको गं माय! पडू दे हळूच. आणि दुसरी बाटली असली तर तीही लाव!"