शिट्टीवाचून सांधा

खंडाळ्याचं स्टेशन मागे पडलं, रुळांच्या कडेची पायवाट उताराला लागली, तसे हमीदभाऊ मागे रेंगाळू लागले. लोणावळ्यापासून इथवर ते माझ्या पुढे चालत होते. मी वळून पाहिलं तर सिग्नलच्या खांबाला टेकून उभे.

"चपलेत खडा गेला का?" मी विचारलं.

"खडा कसला? आक्का, तुमी व्हा फुडं. मी हितंच थांबतो."

"अहो, लोणावळ्याला मला घ्यायला आलात तेव्हा काय ठरलं होतं?"

"ठरवलं तुमी आन् चाँदबीनं. माज्या पायास्नी कुणी इचारलं न्हाई."

ठरलं होतं ते असं. सोमवारी हमीदभाऊंनी घाटातल्या कामावर परत रुजू व्हायचं होतं. साहेबांनी दिलेली आजारपणाची रजा संपत आली होती. नाही गेले तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर रेल्वेची खोलीही. त्याआधी त्यांनी माझ्या सोबतीनं ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, म्हणजे भीती उतरेल, असं त्यांच्या बायकोला, चाँदबीला वाटलं. तिनंच मला तळेगावाहून बोलावून घेतलं. मी तिथे मुलींच्या शाळेत शिकवते. ती जागा म्हणजे जिथे माझा धाकटा भाऊ सोपान गेला.

सोपान आणि हमीदभाऊ दोघे वराळ्याचे. हमीदभाऊंचे वडील गुलजारचाचा तळेगावच्या बाजारात कंदील, चिमण्या, डबे झाळून द्यायचे. पोराच्या बोटांतही तीच कला. पण तो रेल्वेत लागला, सांधेवाला म्हणून. पाठोपाठ सोपान लागला, मालगाडीच्या वाघिणींवर ब्रेकवाला. दोघांची भाकरी एकाच फडक्यात असायची. आमच्या आईनं आधी नाक मुरडलं, मग गुपचूप जास्तीच्या भाकऱ्या थापू लागली.

घाटातल्या उताराला मुख्य रुळातून एक फाटा काढलेला असतो. तो डोंगराकडे चढत जातो आणि वाळूच्या ढिगात संपतो. तिथला सांधा, म्हणजे गाडीची वाट बदलणारे हलते रूळ, कायम त्या फाट्याकडेच लावून ठेवतात. खाली जाणारी गाडी आधी थांबते, शिट्टी देते, मगच सांधेवाला दांडा ओढून तिला सरळ वाट देतो. थांबली नाही, शिट्टी दिली नाही, तर ती सुटलेली आहे असं समजायचं आणि तिला वाळूत जाऊ द्यायचं. शिट्टीवाचून दांड्याला हात लावायचा नाही, हा तिथला धर्मच म्हणा.

त्या सकाळी धुकं होतं. साखळी तुटून काही वाघिणी सुटल्या. त्यांच्यावर सोपान होता. हातातल्या ब्रेकनं त्या आवरेनात. खालच्या स्टेशनात माणसांनी भरलेली गाडी उभी होती. हमीदभाऊंनी धुक्यातूनही सोपानला ओळखलं. तो फेटा सोडून हलवत होता. वाट दे म्हणत होता की देऊ नको म्हणत होता, कुणाला ठाऊक. शिट्टी नव्हती. हमीदभाऊंनी दांड्याला हात लावला नाही. गाडीतली माणसं सुखरूप घरी गेली. सोपान वाळूत राहिला.

साहेब शाबास म्हणाले. मीही म्हणाले, भाऊ, तुम्ही केलंत तेच बरोबर. देवाची शपथ, त्यात खोटं काही नव्हतं.

शेवटी हमीदभाऊंना खांबापाशी सोडून मी एकटीच खाली गेले. वाळूपाशी नारळ फोडला, पणती लावली. वारा होता, पदराचा आडोसा करून पाहिला, तरी ती विझली. रामनाम घेऊन परत आले तर हमीदभाऊ त्याच खांबाला टेकलेले.

"काय म्हनतीया वाळू?"

"वाळू काय म्हणणार?"

"मला तर लय बोलती. साहेब शाबास म्हनलं ना, आक्का, तवाच भाइरून कडी लागली बघा. चूक झाली आसती तर शिक्षा भोगून मोकळा झालो आसतो."

खंडाळ्याला त्यांच्या खोलीवर आलो. दार पुरतं उघडत नव्हतं, आत खाटेला लागत होतं. अंग चोरून आत शिरलो.

"पोचले का तितवर?" चाँदबीनं मला विचारलं.

"खांबापर्यंत."

"आरं वा! मागल्या खेपंला तर स्टेशनातच बसलते. बसा आक्का. पन कुटं बसनार? खाटंवर घाट निजलाय. आमी जमिनीवर निजतो."

खाटेवर खरंच घाट होता. विटांवर फळ्या तिरक्या मांडलेल्या. छत्रीच्या काड्यांचे रूळ, दोऱ्याच्या रिळांच्या चाकांवर वाघिणी. रॉकेलच्या डब्याचे पत्रे कापून सिग्नल केलेले, लाल हातावर पांढरा पट्टा, आणि लांबच्या सिग्नलच्या हाताला टोकाशी खाच, खऱ्यासारखी. दिव्यांना चाँदबीच्या फुटक्या बांगड्यांच्या काचा. उशाशी दोन दांडे, एक सांध्याचा, एक सिग्नलचा. हमीदभाऊंनी मला सिग्नलचा दांडा ओढायला लावला. तो हललाच नाही.

"न्हाई हलायचा. सांधा फाट्याकडं हाय, तवर सरळ वाटंचा हात पडतच न्हाई. आतून आडवी पट्टी घातलीया. खऱ्या केबिनीत बी आसंच."

मग त्यांनी वाघिणी वरून सोडल्या. त्या खडखडत आल्या, फाट्यावर वळल्या आणि वाळूत रुतल्या. त्यांनी उचलल्या, वर नेल्या, परत सोडल्या. परत वाळू.

"दिसभर ह्येच," चाँदबी म्हणाली. "माजं डोकं उठतं."

मी खालच्या टोकाला पाहिलं. "खालची गाडी कुठं आहे?"

"मांडलीच न्हाई. हितं खाली समदं मोकळं हाय."

"मग सांधा फिरवा की! जाऊ द्या त्याला सरळ."

हमीदभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चप्पल घालून देवघरात शिरले.

"शिट्टी कुटं झालीया?"

"तुम्हीच द्या."

"सांधेवाल्यानं आपलीआपुन शिट्टी द्यायची न्हाई, आक्का. वाघिणीवरच्यानं द्यायची."

"मी दिली व्हती तोंडानं," चाँदबी म्हणाली. "तर मलाच म्हनले, तू कोन?" ती हसायला गेली, पण पदर तोंडाशी धरून चुलीकडे वळली. "सोमवारनंतर ह्यो घाट कुटं मांडनार, त्ये बी इचारा त्यास्नी."

हमीदभाऊंनी खिशातून एक पत्र्याची शिट्टी काढली. बारीक, नीट डाग दिलेली. तांब्यातल्या पाण्यानं धुतली, सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"नवी हाय. कुणी तोंडाला लावल्याली न्हाई," ते म्हणाले. मग वाघिणी वर ठेवून त्यांनी सांध्याच्या दांड्यावर हात टेकवला. "आक्का, तुमी त्याची सख्खी बहीन. सोपानच्या वतीनं येकदाच शिट्टी द्या. हितं दांडा वढला, तर सोमवारी तितं वढंल."