घोट्याला बांधलेला फेटा

"पायरी बघून उतर," असं मी मागे वळून बायकोला सांगत होतो आणि माझीच पायरी चुकली. ती भिंतीला हात लावून सावकाश उतरत होती, म्हणून हा उपदेश. उजवं पाऊल आत मुडपलं आणि कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावच्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर, मी बसकण मारली.

यात्रा दीड महिन्यावर होती. यात्रेत आम्ही धनगरांची माणसं ढोलाभोवती रिंगण धरून, हातात रुमाल घेऊन गजी नाचतो. रिंगणातली वडिलांची जागा माझ्याकडे आलेली. मी कोरेगावात कारकुनी करतो, मेंढरू कुठं धरायचं हेही आता विचारावं लागतं. गावात माझं म्हणावं असं तेवढंच उरलंय, रिंगणातलं एक पाऊल. आणि तेच सुजून वांग्याएवढं झालेलं.

थोरला भाऊ धावत आला. सगळ्या रिंगणाला फेटे तोच बांधतो. घरात क्रेप बँडेज होतं. "हलला न्हाई पायजे," म्हणत त्यानं पिळे देऊन ते असं आवळलं की विचारू नका. वर शेमलाही सोडला. बघणारे म्हणाले, "झ्याक!" मलाही जरा रुबाबदार वाटलं. सकाळी बोटं निळसर, गार आणि मुंग्या आलेली.

"हा फेटा कुणी बांधला?" तालुक्याच्या डॉक्टरांनी सोडता सोडता विचारलं. भाऊ वर पंख्याकडे बघू लागला.

त्यांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं दाबून पाहिली, चालायला लावलं. चार पावलं टाकवेनात, म्हणून एक्सरे. हाड शाबूत होतं. बाहेरच्या बाजूचा, हाडं बांधून ठेवणारा पट्टा ताणला होता.

"झटका देऊन बसवू का?" भावानं विचारलं.

"निखळलंच नाही, तर बसवताय काय? आणि इतक्यात चोळूही नका."

फडक्यात बर्फ गुंडाळून वीस-वीस मिनिटं शेकायचं, पाय उशीवर उंच ठेवायचा, पट्टी बोटांकडून वर, बेताच्याच ताणानं. दुखणं उतरलं की पाऊल सगळीकडे फिरवायचं, मग एका पायावर उभं राहायची सवय. "न दुखता त्या पायावर उड्या मारता आल्या, तर नाचा," डॉक्टर म्हणाले.

घरी येताच भावानं निकाल दिला. "आवंदा तू बस रं. ढोलाजवळ खुर्ची टाकतो."

खुर्ची! पाहुण्यांना, पुढाऱ्यांना टाकतात ती. "खुर्ची तुझ्याजवळच ठेव, दादा," मी म्हणालो. "मी नाचणार."

कोरेगावला परतलो. पहिला आठवडा उशीच्या सेवेत गेला. मग सकाळी दात घासताना मागच्या कट्ट्यावर एका पायावर उभा राहू लागलो. आधी दहा आकडे होईतो, मग तीस. तोंडात फेस, एक पाय वर. शेजारी रोज विचारायचे, "बगळेसाहेब, मासा घावला का?" मी फेसासकट उत्तर द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहायचो. बायको भाकरी थापता थापता खिडकीतून बघायची. पाचव्या आठवड्यात मी उजव्या पायावर दहा उड्या मारल्या. दुखलं नाही. अकरावी मारली, तीही जमली.

यात्रेला ढोलाजवळ खुर्ची मांडलेली होतीच. मी तिच्याकडे पाठ करून फेट्यासाठी भावासमोर डोकं पुढं केलं. बांधताना म्हणाला, "सैल चालंल न्हवं? डागदरानं सांगितलंय." दुसऱ्याच फेरीला फेटा डोळ्यांवर आला. एका हातात फेटा, दुसऱ्यात रुमाल, असा मी नाचलो. पावलं चुकली, पण ती फेट्यामुळे. घोट्याचा दोष नव्हता. रिंगण मोडलं तेव्हाच थांबलो.

घामाघूम होऊन छाती काढत आलो, तर खुर्चीत बायको बसलेली. पाय समोरच्या दगडावर उंच ठेवून. मी म्हटलं, "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. "माझा घोटा दोन वर्सं झाली दुखतोय, पायऱ्या उतरताना भित धरावी लागती. कुणी बघितलं? उद्या मला त्याच डॉक्टरकडं न्या. त्यांनी सांगितलं तर मीबी राहीन कट्ट्यावर एका पायावर उभी. आन् आवं, तवर भाकऱ्या तुमी थापायच्या."