दोन दाराची गाडी

ये, सरक जवळ. अशी परक्याच्या ओट्यावर टेकल्यासारखी काय बसली आहेस? आणि तुझी सवय मला ठाऊक आहे बरं. दोन पानं वाचायची, मग हळूच शेवट उघडून बघायचा, आणि वर आम्हा म्हाताऱ्यांनाच विचारायचं, "हं, मग पुढं?" तसं आज करू नकोस. आज नीट बस. कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा हे घडलंच नव्हतं. तो गेल्यावर सांगण्यासारखं उरलं कोण? एक बहीण. आणि तिलाच तर सांगता येत नाही. रिद्धपूरच्या देवस्थानी जाऊन डोकं टेकलं, डोळे मिटले, सगळं सगळं सांगितलं — हे सोडून.

गोष्ट एका गाडीची आहे. हसू येतं ना? मलाही येतं कधीकधी.

एका म्हणजे दोन गाड्यांची. एक इटलीची, एक अमेरिकेची. नावं विचारू नकोस, माझ्या जिभेवर ती बसत नाहीत. आता राजापेठेतल्या गल्लीत राहणारी, जन्मभर लाल बसनं हिंडलेली बाई मी. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पुढचं जे काय वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदावर. माझा नि इटलीच्या गाडीचा काय संबंध?

संबंध संजूचा. संजू माझ्या थोरल्या बहिणीचा, विमलताईचा मुलगा. ताई अकोल्याला, तो तिकडे अमेरिकेत टेक्सासात, बायकापोरांसह. मला मूल नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्ट्या तो माझ्याकडेच काढायचा, आणि कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर नुसत्या गाड्या काढायचा. पन्नाशीला आला तरी ते वेड काही उतरलं नाही. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मावशी, दोन गाड्या पाहून ठेवल्या. तू सांग कोणती घेऊ."

"मले काय समजते रे त्यातलं, बाप्पा?"

"तुलेच समजते. पाय तर खरं."

दाखवल्या त्यानं. इटलीची होती चार दाराची. नाजूक, लालबुंद, चेहरा असा की बोहल्यावर चढलेली नवरी. पळायला म्हणे शर्यतीच्या गाडीसारखी, पण मागे चार माणसांसारखं बसता येतं. आणि अमेरिकेची? रेड्यासारखी. लांब तोंड, रुंद खांदे, दोनच दारं. मागची सीट म्हणजे नुसतं नाव, पुढची सीट वाकवून मागे रांगत जायचं. तिचा आवाज ऐकवला त्यानं मुद्दाम. कापसाच्या जिनिंगचं इंजिन सुरू व्हावं तसा धडधडाट. आवाज ऐकताना त्याचा चेहरा बघायला हवा होतास. कॅलेंडरच्या मागचा संजू होता तो.

मी म्हटलं, "दुसरीच घे. जीव तिच्यावर आहे तुझा."

तो आवाज त्यानं बंद केला. मग म्हणाला, "आई इकडे येत असन तर चार दाराची घेतो मावशी. खालची खोली पण तिच्यासाठी करून घेतो. नाही आली, तर मंग मनातली घेतो. मी विचारलं की ती नाहीच म्हणते. तू विचारून पाय न."

आता तू म्हणशील, गाडीचं काय एवढं? पुढच्या सीटवर बसली असती म्हातारी. बसली असती. पण माणसाला कधीकधी मोठी गोष्ट थेट हातात धरवत नाही, तो लहान गोष्टीला बांधून ठेवतो. संजूनं आईला त्या गाडीच्या दारांना बांधून ठेवलं. आणि दोरी दिली माझ्या हातात. काहून दिली असेल? विश्वास, दुसरं काय.

इथं तुला ताईबद्दल एक सांगायला पाहिजे, नाहीतर माझा गुन्हा तुझ्या ध्यानातच यायचा नाही.

आमच्यात पहिला नकार हा नकार नसतो. तुला ठाऊक आहे, तूही जेवायला जातेस लोकांकडे. पोळी वाढायला आली की "नको, नको" म्हणायचं. वाढणारीनं "घ्या वो, एवढीशी तर आहे" म्हणायचं. मग पुन्हा नको. मग पुन्हा घ्या. पहिल्या नकोवर जी बाई पोळीची ताटली परत घेऊन जाते, तिला गावभर नावं ठेवतात. आणि आमची ताई तर या कामात पट्टीची. ताटावर हात आडवा धरते, पण बोटं फाकवून. बोटांच्या फटीतून पुरणपोळी पडली पाहिजे अशी. लहानपणापासून मी ती बोटं ओळखते. जगात दुसरं काही मला कळत नसेल, पण ताईचं कोणतं "नाही" खरं आणि कोणतं शिष्टाचाराचं, हे मला अंधारात कळतं.

पुढच्या शनिवारी मी अकोल्याला गेले. दर शनिवारी जायचेच. नवरा गेल्यापासून माझा आठवडा म्हणजे त्या एका दिवसाकडे चालत जाणं. ताई दारात उभी असायची. चहा, मग तिच्या गुडघ्यांना तेल, मग दोघींनी मिळून शेजाऱ्यांच्या सुनांची मापं काढायची. संध्याकाळी परतीची बस. त्या दिवशी ती तुरीची डाळ पाखडत बसली होती. दाराशी चपलांजवळ नवे कोरे बूट दिसले — पांढरे, कापडी, चालायचे. जन्मात चप्पल सोडून काही न घातलेल्या बाईचे.

"हे कोणाचे वं?"

"माह्येच. डॉक्टर म्हणे चालत जा."

डॉक्टर. गुडघ्याचा डॉक्टर मला ठाऊक होता, त्यानं असं काही म्हटलेलं नव्हतं. ती तयारी करून राहिली होती. मी विचारण्याआधीच.

आणि मला काय झालं म्हणशील? आनंद व्हायला पाहिजे होता ना? मनात एकच आलं. ही जाईल. टेक्सासातल्या खालच्या खोलीत राहील, लाल गाडीत मागे बसून हिंडेल, आणि माझा शनिवार? मला कोणी गाडी पाठवली कधी? मला कोणी खोली काढली?

मी विचारलं. विचारलंच नाही असं नाही. पण कसं? डाळीतला खडा वेचत, तिच्याकडे न बघता.

"संजू म्हणत होता, येतं काय अमेरिकेले म्हणून."

"नाही वं माय. मी काय करू तिकडं?"

बस. झालं. एक "नाही". साधं, पोळी वाढतानाचं असतं तसलं "नाही". त्यानंतर ती थांबली. सूप हातात तसंच धरून थांबली. आता मी "चाल न ताई, काहून नाही म्हणतं?" म्हणायचं होतं, मग तिनं "गुडघे दुखतात" म्हणायचं, मग मी "तिकडं मोठे डॉक्टर आहेत" म्हणायचं, आणि मग तिनं पदरानं तोंड पुसत म्हणायचं, "बघू." ते बघू म्हणजे हो. सगळा रस्ता पाठ होता दोघींना. मी एक पाऊल टाकलं नाही.

मी म्हटलं, "यंदा लोणचं किती घालणार?"

तिनं लोणच्याचं सांगितलं. मग थोड्या वेळानं, आपणहून, सूप झटकता झटकता — "तिकडं लय थंडी असते म्हणतात न?"

दोरी टाकली होती तिनं माझ्याकडे. धर म्हणून. ताईनं आयुष्यात कोणाकडे दुसऱ्यांदा विषय काढला असेल तर तो त्या दिवशी.

मी म्हटलं, "लय."

बघ, हे एवढंच. एक शब्द. ना शिवी, ना भांडण. कोर्टात नेलं तर वकील म्हणेल, या बाईनं विचारलं, त्या बाईनं नाही म्हटलं, गुन्हा काय? पण मला माहीत आहे ना. मला!

रात्री संजूचा फोन आला. मी सांगितलं, "विचारलं बाप्पा. नाही म्हणते."

आणि तो पोरगा — वऱ्हाडातला तो, टेक्सासात राहून विसरला नव्हता — मला म्हणाला, "पुन्हा विचारलं होतं न मावशी? तुले तर ठाऊक आहे तिचं."

मी म्हटलं, "खोदून खोदून विचारलं."

हे खोटं. बाकी सगळं मी अर्धं-मुर्धं केलं, पण हे पूर्ण, तोंड भरून बोललेलं खोटं. मीच त्याला लहानपणी शिकवलं होतं की आईचं पहिलं "नाही" धरायचं नसतं, आणि मीच त्याला ते पहिलं "नाही" पक्कं करून दिलं.

त्यानं अमेरिकेची घेतली. फोटो आला. ताईनं माझ्यासमोर तो फोनवर मोठा करून पाहिला, बोटानं इकडून तिकडे सरकवला.

"एकच दार दिसून रायलं वं. दुसरं मागून असन."

"दोनच असतात त्या गाडीले," मी म्हटलं.

"दोनच?" बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे मागं कोणाले बसवाचंच नाही त्याले."

गाडी घेतानाचं ते चार दारांचं बोलणं तिला कधी कळलंच नाही. मुलानं शेवटचं विचारलं तेही माझ्या तोंडून, डाळीच्या खड्यासारखं. तिच्या मनात एवढंच राहिलं की पोरानं आपली जागाच ठेवली नाही. आणि त्याच्या मनात एवढंच की आईला अकोला सोडवत नाही, मुलगा सोडवतो. तेव्हापासून दोघांचं फोनवरचं बोलणं ऐकशील तर चीड येईल. "जेवला?" "हो. तू?" "हो." झालं. अरे, भांडा तरी! एकमेकांना चार शब्द ऐकवा! पण नाही. दोघंही शहाणे, दोघंही माझ्यावर भरवसा ठेवून बसलेले.

मागं संजू आला होता. ताई आत पडली होती, तो माझ्यासमोर जेवत होता. एकदम म्हणाला, "आईनं मले कधी हो म्हटलंच नाही मावशी. एकदा तरी म्हणाचं होतं." घास हातातच. सांगता आलं असतं की नाही? दाराआड ताई, समोर तो, मधे मी. याहून सोपी जागा देव काय देणार होता मला? मी काय केलं, सांगू? त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तो नको म्हणाला तर आग्रह केला.

राग येतो मला स्वतःचा. असा राग की भांडी आदळते, आणि कामवाली विचारते, आजी काय झालं. काय झालं सांगू तिला?

आता ताई माझ्याकडेच असते, राजापेठेत. गुडघे पार गेले, हृदयाचंही निघालं, विमानाचं नाव काढू नका म्हणाले डॉक्टर. म्हणजे बघ, मला हवं होतं ते मिळालं. शनिवार कशाला, सातही वार मिळाले. समोरच्या खोलीत खिडकीशी बसते. गल्लीतल्या शिकवणीच्या क्लासला आलेल्या पोरांच्या दुचाक्यांच्या गर्दीतून एखादी मोटार वाट काढत आली की वाकून बघते, आणि तिथून मला हाक मारते, "चार दाराची आहे वं ही." मी "हो" म्हणते. कणीक मळत असते, मळत राहते.

मी एकटी पडले असते म्हणून केलं, असं मी तुला सांगणार नाही. एकट्या पडलेल्या पुष्कळ बाया असतात, सगळ्या काही बहिणीचं तोंड बंद करत नाहीत. मला कळत होतं आणि मी केलं. ती थांबली होती आणि मी लोणच्याचं विचारलं.

बस. आता तुलाही माहीत झालं. माझं झाकून ठेव असं मी म्हणणार नाही. तू आलीस की माझ्याजवळ नाही बसलीस तरी चालेल, तिच्याजवळ बस. दुपारी ती जागीच असते, बोलायला माणूस नसतं. संजूच्या गाडीचा फोटो दाखवेल तुला. त्यावर तू तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

ये मात्र. लवकर ये.