दारातले साहेब

आमच्या सातपूरच्या कारखान्यात यंत्रं बसवायला कंपनीने जर्मनीहून एक साहेब पाठवले होते. कामगारांचं ‘हाय का नाय’ ते प्रत्येक वाक्याला चिकटवायचे. यंत्रं सुरू झाल्यावर कंपनीने त्यांना इथेच शिकवायला ठेवायचं ठरवलं. पण व्हिसा यंत्रं बसवण्यापुरताच होता. नवी परवानगी नाकारली, तर परत जावं लागणार होतं. परवानगीचं उत्तर येईपर्यंत ते कामगारांच्या वर्गाच्या दारात हात खिशात घालून उभे राहायचे. आत शिकवणारा फोरमन चुकला की कळवळायचे.

“जा की आत, साहेब. कोण बघतंय?” मी म्हणायचो.

“मी बघतो. हाय का नाय?”

दिल्लीचं परवानगीचं पत्र मीच धावत नेऊन दिलं. त्यांनी माझ्या पाठीत जोरात थाप मारली आणि आत शिरून आधी फळा पुसला. जेवणाची घंटा झाली तरी ते थांबेनात, आणि कुणी उठेना.