वैयक्तिक कारण

माझ्या शेजाऱ्याला त्याच्या मॅनेजरने फसवलं. कामावरून काढलं असं न दाखवता त्याच्याकडूनच राजीनामा लिहून घेतला.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत नोकरीच्या मुलाखतीला निघालेली पोरं-पोरी आधी सरावाला त्याच्याकडे येतात. तोंडात लवंग ठेवून तो खुर्चीत बसतो आणि प्रत्येकाला तीन-तीनदा बाहेर पाठवतो. "परत जा. दार वाजव, हसत ये. आणि जुन्या साहेबाबद्दल वाईट बोललास ना, तर वाट लागली समज." मलाही त्यानेच तयार केलं होतं. पुढे मी हार्डवेअरचं दुकान टाकलं, पण घासाघीस करताना गप्प कधी बसायचं, ते त्याच्याकडूनच शिकलो.

राजीनामा द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडलो, "सही करू नको रे! काढू दे त्यांना, आणि तसं लेखी माग."

"निघताना भांडायचं नसतं यार," तो म्हणाला आणि सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं, 'वैयक्तिक कारणामुळे'. खाली मॅनेजरचे आभारही मानले.

आता पन्नाशीत तो स्वतः मुलाखती देतो. सगळीकडे विचारतात, असं काय वैयक्तिक कारण होतं? जुन्या साहेबाबद्दल वाईट बोलायचं नाही, म्हणून तो गप्प बसतो. समोरच्यांना वाटतं, याच्यातच काहीतरी खोट आहे. काल शिकायला आलेली एक पोरगी बाहेरून दार वाजवत राहिली. हा आत बसून "ये" म्हणायचंच विसरला.

त्या मॅनेजरने आमच्या चाळीत यावं, हेच दार वाजवावं आणि ते कारण काय होतं, ते सांगावं.